जुन्या साहसपटांत नाव कुणाला मिळतं?

मे महिन्याच्या सुट्टीत भाची राहायला आली होती. सातवीतली. उन्हामुळे बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून आम्ही दोघींनी १९८४ सालचा ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ लावला. मी तिच्याएवढी असताना तो व्हीसीआरवर पाहिला होता आणि खाणीतल्या गाड्यांची ती शर्यत माझ्या डोक्यातून कधीच गेली नाही. पण शर्यतीच्या आधी राजवाड्यातली पंगत आली. ताटात भलामोठा साप, तो चिरला की आतून वळवळत बाहेर पडणारी पिल्लं. मूठभर आकाराचे किडे. डोळे तरंगणारं सूप. शेवटी गोड म्हणून माकडाचा गारेगार मेंदू, तोही माकडाच्याच डोक्यात वाढलेला. भाची आधी खिदळली, मग तिने विचारलं, “मावशी, हे कुठलं गाव? आपल्याकडे असं कुठे खातात?”

“कुठेच नाही,” मी म्हटलं.

“मग दाखवलंय कशाला?”

हा लेख तिच्या त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. गेली काही वर्षं हाच प्रश्न बातम्यांमध्येही फिरतोय. ऑक्टोबर २०२० मध्ये डिस्नीने आपल्या काही जुन्या चित्रपटांच्या सुरुवातीला बारा सेकंदांची पाटी लावली. काही लोकांचं आणि संस्कृतींचं यातलं चित्रण अपमानकारक आहे, ते तेव्हाही चूक होतं आणि आताही चूक आहे, अशा अर्थाची. १९६०चा ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ हा बेटावर अडकलेल्या कुटुंबाचा साहसपटही त्यात होता, त्यातल्या चाच्यांच्या चित्रणामुळे. २०२५च्या फेब्रुवारीत या पाटीचा मजकूर सौम्य केल्याची बातमी आली आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला. एका बाजूला सिनेमांवर गदा आल्याची तक्रार, दुसऱ्या बाजूला कंपनीने शेपूट घातल्याची. या गोंधळात मूळ मुद्दा काय आहे, हे फार कमी जणांनी सांगितलं.

लग्नाचा व्हिडिओ आठवा

या चर्चेत एक जड शब्द सारखा येतो: प्रतिनिधित्व. संसदेतलं किंवा ग्रामपंचायतीतलं नव्हे, पडद्यावरचं. म्हणजे पडद्यावर कोण दिसतं, कोणत्या जागी दिसतं आणि त्याला बोलायला काय मिळतं.

घरच्या लग्नाचा व्हिडिओ डोळ्यांसमोर आणा. नवरानवरी सगळीकडे आहेत. करवली आहे, मामा आहेत, रुसलेले काका आहेत. त्याच चौकटीत वाढपी आहेत, सनई-चौघडावाले आहेत, मांडव घालणारी पोरं आहेत. ते दिसतात, नाही असं नाही. पण व्हिडिओ बघताना कुणी “हा कोण?” असं त्यांच्याबद्दल विचारत नाही. आता समजा, एखाद्या माणसाने आयुष्यात महाराष्ट्राबद्दल एवढा एकच व्हिडिओ पाहिला आणि तुम्ही त्यातले वाढपी आहात. तुमचं घर, तुमची मुलं, तुमचा राग, तुमची गाणी यातलं काहीच त्याला कळणार नाही. तुम्ही म्हणजे हातातलं भांडं.

जुन्या साहसपटांत आफ्रिका, भारत, चीन, अरबस्तान इथली माणसं बहुतेक वेळा या वाढप्यांच्या जागी असतात. गोष्ट त्यांच्या देशात घडते, पण त्यांची नसते. त्यातही मोजक्या तीन-चार जागा ठरलेल्या: निष्ठावंत नोकर, कपटी राजा किंवा वजीर, रक्तपिपासू पुजारी आणि ओरडत धावणारा जमाव. याला साचा म्हणायचं. गणपतीच्या साच्यातून गणपतीच निघतो, तसं त्या साच्यात कुणीही ओता, बाहेर तोच नोकर आणि तोच पुजारी.

आफ्रिकेत आशियाई हत्ती

१९३२ साली ‘टारझन द एप मॅन’ आला. जॉनी वाइसमुलर नावाचा ऑलिंपिक जलतरणपटू त्यात टारझन झाला. यातलं बरंचसं जंगल कॅलिफोर्नियातलं. सर्कशीत वगैरे मिळणारे हत्ती आशियाई, म्हणजे आपल्याकडचे, लहान कानांचे. आफ्रिकन हत्तीचे कान सुपाएवढे असतात. मग स्टुडिओने काय केलं, तर आपल्या हत्तींना वरून मोठे खोटे कान चिकटवले.

हत्तीला कान चिकटवणं हा निर्मितीतला जुगाड आहे, त्यावर रागवायचं कारण नाही. पण त्याच चित्रपटात ठेंगण्या जमातीची माणसं दाखवायची होती, तेव्हा गोऱ्या बुटक्या माणसांना काळा रंग लावून उभं केलं. हत्ती काय आणि माणूस काय, दोघांनाही एकच उपाय. खरी आफ्रिका कुणाला हवीच नव्हती. आफ्रिकेसारखं काहीतरी दिसलं की पुरे होतं.

रंग फासण्याची ही पद्धत फार पसरलेली होती. १९३९चा ‘गंगा दिन’ हा भारतात घडणारा साहसपट कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन या गावाजवळच्या डोंगरांत चित्रित झाला. गंगा दिन हा ब्रिटिश पलटणीला पाणी पुरवणारा भिस्ती, खांद्यावर पखाल घेतलेला. ती भूमिका सॅम जाफे या न्यूयॉर्कच्या नटाने अंगाला तपकिरी रंग लावून केली. ठगांचा गुरू झालेला एदुआर्दो चान्नेल्ली मूळचा इटलीचा. चित्रपट रडयार्ड किपलिंगच्या कवितेवर बेतलेला, आणि किपलिंग जन्माने मुंबईचा, १८६५ सालचा. शेवटी गंगा दिन बिगूल वाजवून गोऱ्या सैन्याला सावध करतो आणि मरतो. आयुष्यभर त्याला सैनिक व्हायचं असतं. अखेरच्या दृश्यात त्याचा आत्मा ब्रिटिश गणवेशात सलाम करताना दिसतो. जिवंतपणी पखाल, मेल्यावर गणवेश. मला हे दृश्य बघवत नाही, कारण जाफेने काम मनापासून केलंय आणि चित्रपटाला गंगा दिनवर खरोखर माया आहे. पण त्या मायेतही त्याची इच्छा एकच: साहेबांसारखं व्हावं.

मग खरे नट का घेतले नाहीत?

पहिलं उत्तर पैशाचं. स्टुडिओंचे पगारी नट ठरलेले असत आणि तिकिटं त्यांच्या नावावर खपत. दुसरं उत्तर बाजाराचं: ब्रिटन आणि त्याचं साम्राज्य ही हॉलिवूडची मोठी गिऱ्हाइकं, त्यांना दुखवून चालणार नव्हतं. तिसरं उत्तर मात्र नियमाचं आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं.

हॉलिवूडने १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता लिहिली आणि १९३४ पासून ती कडकपणे राबवली. तिला हेज संहिता म्हणतात. तिच्यात गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले प्रेमसंबंध दाखवायला मनाई होती, आणि व्यवहारात ही भीती आशियाई नटांपर्यंत पोचली. याचा परिणाम साखळीसारखा होई. नायक गोरा नट असेल, अगदी चिनी शेतकऱ्याच्या मेकअपमध्ये असला तरी, तर त्याची बायको झालेली नटीही गोरीच हवी. १९३७च्या ‘द गुड अर्थ’मध्ये नेमकं हेच झालं. चिनी शेतकरी झाला पॉल मुनी आणि त्याची बायको लुइझी रायनर. तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. अॅना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची नटी तेव्हा पंधराएक वर्षं काम करत होती. १९२४च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या साहसपटात तिने मंगोल दासीचं काम करून नाव कमावलं होतं. तिला ही भूमिका हवी होती, ती मिळाली नाही.

ही संहिता काही हवेतून आली नव्हती. खुद्द कॅलिफोर्नियात भिन्न वंशांच्या लग्नाला १९४८पर्यंत कायद्याने बंदी होती, आणि संपूर्ण अमेरिकेत असे कायदे रद्द व्हायला १९६७ उजाडलं. पडद्यावरचा रंग कायद्याच्या पुस्तकातूनच उतरला होता.

याची दुसरी बाजू मुंबईशी जोडलेली आहे. मर्ल ओबेरॉन ही तिच्या काळातली मोठी नटी. १९३४च्या ‘द स्कार्लेट पिंपरनेल’ या साहसपटाची नायिका. पुढच्याच वर्षीच्या कामासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. तिचा जन्म १९११ साली मुंबईत, अँग्लो-इंडियन घरात झाला होता. हे तिने जन्मभर लपवलं आणि आपण टास्मानियात जन्मलो असं सांगत राहिली. खरं सांगितलं असतं तर नायिका होता आलं नसतं. एक जण रंग लावून भारतीय होतो आणि दुसरी आपला रंग लपवून गोरी होते. दोघांनाही काम देणारा पडदा एकच.

अपवाद होता साबूचा. म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा पोरगा, १९३७च्या ‘एलिफंट बॉय’मधून थेट जगभर पोचला. पोरगा काय गोड हसायचा! दुसऱ्या महायुद्धात त्याने अमेरिकेच्या हवाई दलात बाँबफेकी विमानाच्या शेपटीकडचा तोफची म्हणून काम केलं आणि शौर्यपदक मिळवलं. पण वयाने मोठा झाल्यावर त्याच्यासाठी साच्यात जागाच उरली नाही. हत्तीवरचा मुलगा हवा होता, भारतीय पुरुष नको होता. १९६३ साली, चाळिशीही न गाठता तो गेला.

“पण त्या काळी हे चालायचं”

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकते. आजच्या फुटपट्टीने काल मोजू नये, असं म्हणतात. रास्त आहे. मग कालच्याच फुटपट्टीने मोजू.

१९३८ साली ‘द ड्रम’ नावाचा ब्रिटिश साहसपट आला. वायव्य सरहद्दीवरची गोष्ट, भला राजपुत्र म्हणजे साबू, आणि त्याचा कपटी काका म्हणजे रंग लावलेला कॅनडाचा रेमंड मॅसी. तो मुंबईत लागला आणि लोक रस्त्यावर आले. थिएटरांसमोर निदर्शनं झाली. अखेर तो उतरवावा लागला. मुंबईहून ‘फिल्मइंडिया’ मासिक काढणारे बाबूराव पटेल अशा चित्रपटांविरुद्ध सातत्याने लिहीत होते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘गंगा दिन’वर कडाडून टीका केली आणि त्या चित्रपटावर भारतातल्या काही प्रांतांत बंदी आली.

तेव्हा “त्या काळी चालायचं” या वाक्याला कर्ता जोडून बघा. कुणाला चालायचं? लंडनमधल्या आणि लॉस एंजेलिसमधल्या प्रेक्षकाला चालायचं. गिरगावातल्या माणसाला तेव्हाही चालत नव्हतं. त्याचं मत मोजायची पद्धत नव्हती, एवढाच फरक.

पंकोटची पंगत

आता भाचीच्या प्रश्नाकडे. ‘टेंपल ऑफ डूम’ १९३५ सालात घडतो. पंकोट नावाचं काल्पनिक संस्थान, राजवाड्याखाली कालीमातेला माणसं बळी देणारा पंथ आणि गावातून चोरलेली मुलं. ठगांचा गुरू, देवीपुढचे बळी, संकटात धावून येणारी इंग्रजांची पलटण हे सगळं पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या ‘गंगा दिन’मधून ओळखीचं आहे. हाच साचा पुढे कसा सरकतो बघा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी ठगांच्या बंदोबस्ताचे वृत्तान्त लिहिले, त्यांवरून साहसकथा आल्या, त्यांवरून सिनेमे आणि त्या सिनेमांवरून पुढचे सिनेमे. शेवटच्या माणसाने भारत पाहिलेलाच नसतो, त्याने भारताबद्दलचे सिनेमे पाहिलेले असतात. कानगोष्टीच्या खेळात शेवटच्या मुलाला जे ऐकू येतं, ते पहिल्याने म्हटलेलं कधीच नसतं.

भारत सरकारने पटकथा वाचून बदल सुचवले. निर्मात्यांनी ते मानले नाहीत आणि चित्रीकरण श्रीलंकेत, कँडीजवळ हललं. पुढे भारतात या चित्रपटावर काही काळ बंदीही होती.

कालीची गोष्ट मला जास्त टोचते. आपल्याकडे मांढरदेवची काळूबाई आहे. नवस बोलायला, ओटी भरायला, लेकराला पायावर घालायला माणसं डोंगर चढून जातात. देवीला रागही येतो, तिला प्राण्यांचा बळी देण्याची प्रथाही आपल्याकडे होती आणि त्यावर आपल्यातच वाद झाले आहेत. हे सगळं गुंतागुंतीचं, जिवंत आहे. पडद्यावर त्यातलं फक्त एक उरलं: छातीतून उपटलेलं धडधडतं काळीज.

“अमरीश पुरींनी काम केलंच ना?”

केलं, आणि जबरदस्त केलं. ‘टेंपल ऑफ डूम’मधल्या बळी देणाऱ्या पुजाऱ्याच्या, म्हणजे मोलारामच्या भूमिकेसाठी त्यांनी डोकं भादरलं. हा तोच नट, ज्याने ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९७१च्या मराठी चित्रपटात छोटी भूमिका केली आणि ‘भूमिका’ या चित्रपटात घरंदाज, थंड, भीतिदायक असा विनायक काळे उभा केला. पुरींनी पुढे मोलारामची बाजूही घेतली. नटाने काम स्वीकारणं यात मला काही गैर दिसत नाही. एवढ्या मोठ्या नटाला समोर दिसत होतं ते काम त्याने घेतलं. प्रश्न असा आहे, की विनायक काळेला बायको आहे, आई आहे, घर आहे, घराचे नियम आहेत. मोलारामला काय आहे? तो पडद्यावर येण्यापूर्वी कुठे राहत होता, हे कुणी विचारलंय का?

उलट उदाहरणही याच चित्रपटात आहे. इंडियाना जोन्ससोबतचा छोटा चिनी मुलगा म्हणजे शॉर्ट राउंड. ते काम ‘की ह्वी क्वान’ नावाच्या, व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेल्या पोराने केलं होतं. त्या मुलाला बुद्धी आहे, धाडस आहे, नायकाला वाचवायचा प्रसंग आहे. पण क्वान मोठा झाला आणि साबूसारखंच झालं. भूमिका आटल्या, तो पडद्यामागे मारामाऱ्या बसवण्याच्या कामाला लागला. अभिनयात परतल्यावर २०२३ साली त्याला ऑस्कर मिळालं. मधली वीसेक वर्षं कुणी परत देणार नाही.

“अहो, नुसता सिनेमा आहे”

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत वाढला. शाळेत डब्यात आईने दिलेली बटाट्याची भाजी-पोळी असायची. वर्गातली मुलं डबा उघडला की विचारायची, “आज माकडाचा मेंदू का?” त्याने सहावीत डबा न्यायचं बंद केलं. आईला सांगितलं, “भूक लागत नाही.” मावशीला खरं कारण कळलं ते तो कॉलेजात गेल्यावर. परदेशात वाढलेल्या अनेक भारतीयांनी त्या पंगतीबद्दल असंच सांगितलंय.

त्या वर्गातली मुलं दुष्ट नव्हती. त्यांच्याकडे भारताबद्दल एकच गोष्ट होती आणि ती मजेदार होती. त्यांनी शंभर चित्रपटांत गोरे दुष्ट पाहिले होते आणि शंभर गोरे भलेही, म्हणून एका गोऱ्या खलनायकावरून शेजारच्या काकांबद्दल त्यांचं मत बनत नव्हतं. भारतीय माणूस मात्र त्यांनी एकदाच पाहिला, तोही त्या पंगतीत.

आपल्या अंगणातलं

हे लिहिताना मला एक गोष्ट टाळता येणार नाही. आपल्या सिनेमांनी जंगलातल्या माणसांशी हेच केलं. मुंबईने १९३७ सालीच स्वतःचा ‘तुफानी टारझन’ काढला. ‘शालिमार’ या १९७८च्या चित्रपटातल्या गाण्यामागे वाजणारं “झिंगालाला” आजही लग्नांत, सहलींत, कुठेही आदिवासी म्हणून ओरडलं जातं. ती कुठल्याच जमातीची भाषा नाही.

चौथीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात आमचा ‘आदिवासी नाच’ होता. बाईंनी तव्याची काजळी तेलात कालवून आमच्या तोंडाला आणि हातांना लावली. कमरेला आंब्याची पानं. आम्ही हू हू करत नाचलो आणि टाळ्या मिळाल्या. आमच्या वर्गात कातकरी वाडीवरची एक मुलगी होती. तिला नाचात घेतलं नव्हतं. ती समोर सतरंजीवर बसून आम्हाला बघत होती. सॅम जाफेबद्दल वाचताना मला दर वेळी ती सतरंजी दिसते.

मग बघायचे की नाही?

बघायचे. मी बघते, भाचीलाही दाखवते. खाणीतल्या गाड्यांची शर्यत आजही श्वास रोखून धरायला लावते, ‘गंगा दिन’मधली मारामारी आजही झकास आहे. पाटीमुळे चित्रपटातली एक चौकटही कमी होत नाही. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून आपण औषध फेकत नाही, किती घ्यायचं ते ठरवतो. दृश्यं कापायला मात्र माझा सक्त विरोध आहे. पंगत कापली तर मावसभावाचा डबा का बंद झाला, हे कुणाला समजावता येणार नाही. आणि नुसत्या पाटीने भागतही नाही, कारण लहान मूल पाटी वाचत नाही. शेजारी कुणीतरी बसावं लागतं.

त्या दुपारी सिनेमा संपल्यावर भाचीने रिमोट घेतला आणि सुरुवातीच्या गावापाशी परत गेली. मुलं चोरीला गेलेल्या बायका नायकाच्या अंगाला, हाताला हात लावून काहीतरी कळवळून सांगत असतात. “हे हिंदी नाहीये,” ती म्हणाली. नाहीच आहे. भारतातलं गाव म्हणून दाखवलेल्या त्या गावात लोक सिंहली बोलतात, कारण ती श्रीलंकेची माणसं आहेत. मी तिला सांगितलं, की त्या बायकांमध्ये इरांगनी सेरासिंघे आहेत, श्रीलंकेच्या थोर अभिनेत्री. १९५६च्या ‘रेखावा’ या सिंहली सिनेमातल्या नामवंत बाई, आपल्याकडे एखाद्या ज्येष्ठ नटीला मान असावा तसा त्यांना तिकडे मान.

“मग यात त्यांचं नाव काय?”

आम्ही शेवटची नामावली लावली आणि बोटाने एकेक ओळ खाली सरकत गेलो. नटांची नावं, भूमिकांची नावं. त्यांच्या नावासमोरच्या भूमिकेत लिहिलं होतं: गावातली बाई.